रावबहादुर दादोबा पांडुरंग तर्खडकर

वसईच्या पूर्वेस तुंगाराच्या पायथ्यालगत सातिवली, वालीव, गोखिवरें हीं गांवें वसलेलीं आहेत. तेथून रेल्वेचा मार्ग ओलांडून पश्चिमेकडे गेलें म्हणजे तर्खड नांवाचें गांव लागतें. आमच्या त्या भागांतील वाचकांस तें ठाऊक असेलच. परंतु या गांवाचें नांव सर्व महाराष्ट्रांत ज्यांच्यामुळें ऐकूं गेलें, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर कोण होते, हें शाळेंत व्याकरण शिकलेल्या मुलांसही बहुधा सांगतां येत नाहीं. मराठी भाषेचे पाणिनि म्हणून विद्वान् लोक त्यांस मान देत आले आहेत. आयुष्याच्या पूर्वार्धांत त्यांचा पेशा शिक्षकाचा होता. ते इंग्रजी शिकले, त्यांनीं दुसऱ्यांस शिकविलें, आणि त्या शिकण्याशिकविण्याच्या दिवसांतच मराठीचें व्याकरण त्यांच्या हातून तयार झालें. आज खेड्यापाड्यांतील आईबाप मुलांस इंग्रजी आलें पाहिजे म्हणून पोटास चिमटा घेऊन पैसा खर्चितात, आणि आमचे कित्येक उपदेशक बंधु संध्याकाळीं मुलें जमवून त्यांस इंग्रजीचे धडे देतात. अशा वेळीं या गृहस्थांचें चरित्र मंडळ्यांपुढें ठेवावें असें आम्हांस वाटलें.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजीं मुंबईंत खेतवाडींत झाला. घराणें वैश्यांचें, मूळचें वसई प्रांतांतील. वडिलांचें नांव पांडुरंग व आईचें यशोदा. ज्या काळांत हें मूल वाढलें, तो काळ मोठ्या उलथापालथीचा होता. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसईचा किल्ला पोर्तुगीजांपासून घेतला. १८०२ सालीं त्याच वसईंत दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह करून आपली मान त्यांच्या हातीं दिली. आणि १८१८ सालीं पेशवाई बुडाली, तेव्हां दादोबा चार वर्षांचे होते. राज्य बदललें म्हणजे कचेरीची भाषाही हळूहळू बदलते, आणि पोट भरण्याच्या विद्या तिच्यामागून बदलतात. मुंबईंत पंतोजींच्या शाळा होत्या. तेथें धुळाक्षरें गिरवावीं, मोडी वळवावी, पाढे घोकावे व हिशेब शिकावा, एवढीच विद्या. छापील पुस्तक मुलाच्या हातीं क्वचितच येई, कारण तसलीं पुस्तकें मुळांत नव्हतींच.

ही उणीव भरून काढण्यासाठीं गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन साहेबांच्या आश्रयानें मुंबईंत एक मंडळी उभी राहिली. तिचेंच पुढें बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असें नांव झालें. तींत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस गणिताचीं पुस्तकें मराठींत उतरवीत, आणि सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे मुलांसाठीं गोष्टींचीं पुस्तकें तयार करीत. त्यांचें 'बाळमित्र' १८२८ सालीं निघालें. या सोसायटीच्या शाळेंत दादोबांनीं इंग्रजीचा अभ्यास केला. त्यांच्याहून थोडे वडील असे बाळशास्त्री जांभेकर त्याच सोसायटीच्या कामांत होते. बाळशास्त्र्यांनीं ६ जानेवारी १८३२ पासून 'दर्पण' पत्र काढलें, त्याचा उल्लेख येथें मुद्दाम करितों. त्या पत्रांत एका रकान्यांत इंग्रजी व त्याच्याच शेजारीं दुसऱ्या रकान्यांत मराठी मजकूर असे. ज्यास थोडें इंग्रजी येतें त्यानें आधीं डावीकडे डोकें चालवावें, अडलें तर उजवीकडे पाहावें. परकी भाषा शिकणाऱ्यास याहून स्वस्त व चांगला शिक्षक आजही मिळणें कठीण आहे. आमच्यापैकीं कित्येकांनीं मराठी व इंग्रजी शुभवर्तमान शेजारीं शेजारीं ठेवून असाच अभ्यास केला आहे.

त्या पिढीच्या मुलांस इंग्रजी शिकतांना जी अडचण पडे ती आजच्या मुलांच्या अडचणीहून फारशी निराळी नव्हती. शब्द पाठ होत, वाक्य मात्र बसत नसे. इंग्रजांच्या हातीं आपल्या भाषेचें व्याकरण होतें. लिंडले मरे यांचें १७९५ सालीं निघालेलें इंग्रजी व्याकरण त्या काळीं जगभर शाळांतून चालत असे, व हिंदुस्थानांतही तेंच आलें होतें. त्यांत शब्दांच्या जाती, त्यांचीं रूपें, वाक्य रचण्याचे नियम सारें ओळीनें लावून दिलेलें. तें वाचतांना तरुण दादोबांच्या मनांत एक प्रश्न उभा राहिला, आणि आमच्या मतें त्यांच्या सर्व आयुष्याचें मोल त्या प्रश्नांत आहे. परक्यांच्या भाषेस असे नियम आहेत, तर आपल्या मराठीचे नियम कोठें आहेत? संस्कृतास पाणिनीचें व्याकरण होतें. मराठीविषयीं मात्र ती बाजारांतील व घरांतील बोली, तिला कसले नियम, अशीच समजूत शास्त्रीमंडळींत होती. व्याकरण हें तर ब्राह्मण शास्त्र्यांचें क्षेत्र. वाण्याच्या मुलानें त्यांत शिरावें हेंच अनेकांस नवल वाटण्यासारखें होतें.

मराठीचें व्याकरण त्यापूर्वीं कोणीं लिहिलेंच नव्हतें असें नाहीं. परंतु तें मुख्यत्वें परक्यांनीं, परक्यांसाठीं लिहिलेलें होतें. गोव्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांचें कोंकणी भाषेचें व्याकरण १६४० सालीं रायतूर येथें छापिलें गेलें. पुढें विल्यम केरी यांनीं श्रीरामपुराहून १८०५ सालीं मराठीचें व्याकरण इंग्रजींत प्रसिद्ध केलें. मिशनरी व साहेब लोक मराठी शिकत, त्यांस हीं पुस्तकें उपयोगीं पडत. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, तोही प्रथम त्यांच्याच सोयीसाठीं. म्हणजे त्या काळीं मुंबईंत दोन वर्ग एकाच वेळीं चालले होते: एकीकडे मराठी मुलें इंग्रजी शिकत होतीं व दुसरीकडे इंग्रज मराठी शिकत होते. मराठी मुलानें मराठींत वाचावें असें मराठीचें व्याकरण मात्र त्याच्या हातीं नव्हतें.

१८३६ सालीं तशीं तीन पुस्तकें एकदम निघालीं. एक गंगाधरशास्त्री फडके यांचें, एक बाळशास्त्र्यांचें 'बालव्याकरण', आणि तिसरें बावीस वर्षांच्या दादोबांचें 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण'. तिहींपैकीं दादोबांचेंच अधिक काळ टिकलें. १८५० सालीं त्याची पुष्कळ वाढविलेली दुसरी आवृत्ति निघाली, १८६५ सालीं शाळेंतील लहान मुलांकरितां त्याचें 'लघु व्याकरण' झालें, आणि पुढें कित्येक पिढ्या मराठी शाळांतून तेंच चालू राहिलें.

या पुस्तकांत त्यांनीं काय केलें तें वाचकांस उदाहरणानें सांगतों, म्हणजे व्याकरण या शब्दास भिऊन कोणी पान उलटणार नाहीं. आपलें मूल राम आंबा खातो असें म्हणतें. तेंच मूल काल झालेली गोष्ट सांगतांना रामानें आंबा खाल्ला असें म्हणतें. रामानें पोळी खाल्ली, रामानें केळें खाल्लें, रामानें आंबे खाल्ले असें म्हणतें. खाणारा राम एकच, परंतु खाल्ला, खाल्ली, खाल्लें, खाल्ले हीं रूपें त्यानें जें खाल्लें त्याच्या लिंगवचनाप्रमाणें फिरतात. हें मुलास कोणी शिकविलेलें नसतें. त्यास विचारलें तर सांगतांही येणार नाहीं. तरी तें कधीं चुकत नाहीं. दगड तो, वीट ती, घर तें, हेंही तसेंच. भाषेंत नियम असतो व बोलणाऱ्याच्या ध्यानींमनीं नसतो. दादोबांनीं हे लपलेले नियम बाहेर काढून नीट मांडिले. ज्यांत क्रियापद कर्त्याच्या मागें जातें तो कर्तरि प्रयोग, ज्यांत कर्माच्या मागें जातें तो कर्मणि, आणि ज्यांत कोणाच्याच मागें न जातां एकटें राहतें तो भावे, हे प्रयोग आज शाळेंतील मूल शिकतें तें अशाच पहिल्या व्याकरणांच्या वाटेनें.

आतां इंग्रजीकडे पाहावें. इंग्रजींत खाणारा एकच असला तर आंबा खाल्ला काय आणि पोळी खाल्ली काय, क्रियापद 'एट' हेंच राहतें. निर्जीव वस्तूंस तो, ती अशीं लिंगें सहसा नसतात. याच्या उलट इंग्रजींत नामापूर्वीं 'ए', 'अ‍ॅन', 'द' हे लहान शब्द येतात, व मराठींत त्यांचें नांवही नाहीं, म्हणून मराठी माणूस जन्मभर ते गाळतो किंवा नको तेथें घालतो. आपण घरावर म्हणतों, म्हणजे आधीं घर व मागून वर. इंग्रज आधीं वर म्हणतो व मागून घर. जो शिक्षक हे भेद मुलास दाखवितो, त्याचें मूल चुका कमी करितें; जो न दाखवितां नुसतीं वाक्यें घोकवितो, त्याचें मूल पाठ केलेल्या वाक्याबाहेर पडलें कीं अडखळतें. परंतु भेद दाखवावयाचे तर दोन्ही भाषांचा नियम हातीं पाहिजे. एकाच हातानें टाळी वाजत नाहीं. दादोबांच्या पुस्तकानें मराठी मुलास दुसरा हात दिला.

त्यांनीं शब्दांच्या जाती ठरवितांना इंग्रजी व्याकरणाचा नमुना डोळ्यांपुढें ठेविला व नांवें बहुतेक संस्कृतांतून घेतलीं. संस्कृताचे जुने आचार्य नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चार भाग मानीत. इंग्रजी व्याकरणाच्या वळणानें मराठींत आठ जाती झाल्या. याबद्दल त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं 'शालापत्रकां'त मराठी व्याकरणावर निबंध लिहून दादोबांच्या अनेक मतांची बारकाईनें झडती घेतली. परक्या भाषेचा सांचा आपल्या भाषेवर बसविला, असा आक्षेप आजही घेतला जातो, आणि तो अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. मोरो केशव दामले यांचें मोठें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालीं निघालें, तेव्हां पुष्कळ गोष्टी सुधारल्या गेल्या. परंतु पहिली पायवाट पाडणाऱ्याच्या पायांत कांटे मोडतातच. स्वतः दादोबाही आपलें पुस्तक पुरें झालें असें समजून स्वस्थ बसले नाहींत. पहिल्या आवृत्तीनंतर पंचेचाळीस वर्षांनीं, १८८१ सालीं, सदुसष्टाव्या वर्षीं, त्यांनीं त्यास एक 'पूरणिका' जोडली.

आणखी एक गोष्ट आमच्या भागापुरती सांगितली पाहिजे. दादोबांनीं नियम बांधले ते शिष्टांच्या, म्हणजे लिहित्या-वाचत्या लोकांच्या मराठीचे. वसईच्या वाड्यांतून बोलली जाणारी वाडवळी, सामवेदींची कादोडी, तुंगाराच्या पायथ्याच्या पाड्यांतील वारली बोली, यांस त्या पुस्तकांत जागा नव्हती. म्हणून आमच्या पाड्यांतील मुलास छापील मराठी हीच अर्धी परकी असते, व इंग्रजी त्यापुढची दुसरी पायरी. तर्खडच्या घराण्याचें नांव लावणाऱ्या पुरुषानें वसईच्या बोलींकडे पाहिलें असतें तर किती बरें झालें असतें, असें मनांत येतें. परंतु त्यांचें बालपण मुंबईचें होतें, आणि बोलीही अभ्यासाचा विषय आहे ही दृष्टि पुष्कळ मागाहून आली.

१८३५ च्या सुमारास दादोबांस माळव्यांतील जावरा संस्थानच्या अल्पवयी नबाबाचे शिक्षक म्हणून नेमिलें. तेथून परत आल्यावर ते मुंबईंत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें शिक्षक झाले, व थोड्याच दिवसांत त्यांस सुरतेच्या इंग्रजी शाळेवर पाठविण्यांत आलें. सुरतेंत त्यांचा शाळेबाहेरचा उद्योग सुरू झाला. गुजराथी शाळेचे दुर्गाराम मेहताजी, दिनमणिशंकर, दलपतराम, दामोदरदास व दादोबा, या द अक्षरानें आरंभ होणाऱ्या पांच मित्रांची जोडी सुरतेंत प्रसिद्ध होती. त्यांनीं २२ जून १८४४ रोजीं मानवधर्म सभा स्थापिली. देव एक आहे, मनुष्यजाति एक आहे, मंत्रतंत्र व भूतबाधा हें थोतांड आहे, असें ते उघड सभांतून सांगत. दादोबा १८४६ सालीं मुंबईस परतले, तसा त्या सभेचा जोर ओसरला.

मुंबईस बोलावण्याचें कारण दुःखाचें होतें. शिक्षक तयार करण्यासाठीं सरकारनें जो नॉर्मल क्लास काढिला होता, त्याचे मुख्य बाळशास्त्री जांभेकर १७ मे १८४६ रोजीं अल्पवयांत वारले. त्यांच्या जागीं दादोबांची नेमणूक झाली. या वर्गांतून तयार झालेले गुरुजी जिल्ह्याजिल्ह्यांत जात व मराठी शाळा चालवीत. आमच्या वाचकांत जे शिक्षक आहेत त्यांनीं विचार करावा, कीं खेड्यांत शाळा उघडणें सोपें, परंतु शिकविणारा कोठून आणावा हा प्रश्न तेव्हांही पहिला होता.

याच वेळीं मुंबईंत शिक्षणाच्या भाषेवर मोठा वाद पेटला. शिक्षणमंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचें म्हणणें, कीं थोड्या लोकांस इंग्रजींतून उत्तम विद्या द्यावी, त्यावरच पैसा खर्चावा. मंडळांतील कर्नल जर्व्हिस यांचें म्हणणें, कीं लोकांस विद्या त्यांच्याच भाषेंतून दिली पाहिजे, नाहींतर ती मूठभरांपाशीं राहील. जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहीम मकबा हे देशी सभासद जर्व्हिसांच्या बाजूस होते. १८४७ च्या सुमारास हा वाद इतका वाढला कीं तो सरकारापर्यंत गेला. १८५४ सालच्या वुड साहेबांच्या खलित्यानें दोहोंस जागा दिली: वरच्या विद्येस इंग्रजी, व सर्वसाधारण लोकांस त्यांची भाषा. तो वाद तेथें मिटला असें दिसलें, परंतु मिटला नाहीं. आजही गांवोगांवीं मराठी शाळेचे वर्ग ओस पडतात व इंग्रजी शाळेपुढें रांग लागते, तेव्हां पेरी व जर्व्हिस आमच्याच अंगणांत भांडत आहेत असें वाटतें. दादोबांचें स्वतःचें आयुष्य पाहिलें तर त्यांनीं दोहोंतील एकही भाषा टाकिली नाहीं. इंग्रजीच्या शाळेंत जन्म घालवून त्यांनीं बहुतेक सर्व ग्रंथ मराठींत लिहिले. १८४८ सालीं एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनीं मराठींतून निबंध वाचण्यासाठीं ज्ञानप्रसारक सभा काढिली, तिचेही ते पहिले अध्यक्ष होते.

आतां त्यांच्या चरित्राच्या त्या भागाकडे येतों, ज्याविषयीं आमच्या मंडळ्यांत कधीं कधीं बोलणें होतें. मुंबईस आल्यावर १८४९ सालीं दादोबा व त्यांच्या स्नेह्यांनीं परमहंस सभा स्थापिली. जातिभेद मोडावा, मूर्तिपूजा सोडावी, विधवांचे विवाह व्हावे, हा तिचा हेतु. सभा गुप्त होती. नव्या सभासदास ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे व मुसलमानाच्या हातचें पाणी प्यावें लागे. आज कोणास यांत कांहींच वाटणार नाहीं. त्या काळीं हा तुकडा तोंडांत घालणें म्हणजे घर, जात, बायकामुलें, व्यवहार यांवर पाणी सोडण्याची तयारी ठेवणें होय. ज्या आमच्या वाचकांच्या आजोबापणजोबांनीं वाळीत पडण्याचें दुःख सोसलें आहे, त्यांस तें सांगावयास नको.

परंतु सभासदांनीं ही गोष्ट दाराआड ठेविली. आपली संख्या पुरेशी वाढली म्हणजे एकदम उघड व्हावें, असा त्यांचा बेत होता. तो दिवस आला नाहीं. सुमारें १८६० सालीं सभेचे कागद चोरीस गेले, सभासदांचीं नांवें फुटणार अशी आवई उठली, आणि सभा मोडली. याच सभेंत बाबा पदमनजी हे तरुण होते. त्यांनीं गुप्तपणा सोडून १८५४ सालीं बेळगांवास बाप्तिस्मा घेतला व त्याचें जें मोल पडलें तें भोगलें. तेही पुढें मोठे ग्रंथकार झाले, आणि मोल्सवर्थांच्या कोशाचा त्यांनीं केलेला संक्षेप १८६३ सालीं निघाला. एकाच सभेंतून निघालेल्या या दोन वाटा. दादोबा भित्रे होते असें म्हणणें सोपें आहे. आम्ही तें म्हणत नाहीं. सुरतेंत त्यांनीं उघड सभांतून बोलण्यास कमी केलें नव्हतें. परंतु पत्ते दाराआड ठेवून समाज बदलत नाहीं, हें परमहंस सभेच्या शेवटानें दिसलें, आणि त्यांच्या धाकट्या भावानें पुढें जें केलें तें दार उघडें ठेवून केलें, तें खालीं येईल.

१८५२ सालीं ते शिक्षणखातें सोडून अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें डेप्युटी कलेक्टर झाले. त्या प्रांतांत भिल्लांचें बंड झालें, तें मोडण्यांत त्यांनीं सरकारास मदत केली म्हणून त्यांस रावबहादुर ही पदवी मिळाली. चरित्रकार हा प्रसंग अभिमानानें सांगतात. आम्हांस तितका उत्साह वाटत नाहीं. भिल्लांच्या जमिनी, त्यांचीं रानें, त्यांच्यावरील जुलूम यांची हकीकत त्या दप्तरांत त्यांच्या बाजूनें कोणीं लिहिली नाहीं, आणि मराठी भाषेस त्या रावबहादुरकीनें कांहीं मिळालें नाहीं. सुमारें दहा वर्षांनीं ते नोकरींतून मोकळे झाले.

निवृत्तीनंतरचीं वीस वर्षें लेखनांत गेलीं. मोरोपंतांच्या 'केकावली'वर त्यांनीं १८६५ सालीं टीका प्रसिद्ध केली व तिला आईबापांचें स्मरण म्हणून 'यशोदापांडुरंगी' असें नांव दिलें. कठीण काव्य सामान्य वाचकास कसें समजावून द्यावें, याचा तो नमुना आहे. शिक्षकाची संवय हातांतून गेली नव्हती. 'धर्मविवेचन' हें पुस्तक त्यांनीं सुरतेंत असतांनाच लिहिलें होतें. तें पंचवीस वर्षें पेटींत राहून १८६८ सालीं छापिलें गेलें, आणि तेव्हांही लेखकाचें खरें नांव त्यावर नव्हतें. उतारवयांत स्वीडनचे ख्रिस्ती तत्त्ववेत्ते इमॅन्युएल स्वीडनबोर्ग यांच्या ग्रंथांचा त्यांनीं मन लावून अभ्यास केला व त्यांवर आपले विचार इंग्रजींत लिहिले. तें पुस्तक १८७८ सालीं लंडनांत निघालें. खेतवाडींतील ज्या मुलानें परक्यांची भाषा अक्षरओळखीपासून शिकण्यास आरंभ केला, त्यानें चौसष्टाव्या वर्षीं त्याच भाषेंत धर्माच्या गहन विषयावर ग्रंथ लिहावा, हें इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकास धीर देणारें आहे. ते ख्रिस्ती मंडळींत मात्र शेवटपर्यंत आले नाहींत.

त्यांच्या दोन भावांविषयीं दोन शब्द सांगतों. मधले भास्कर पांडुरंग यांनीं १८४१ सालीं 'बाँबे गॅझेट' या इंग्रजी पत्रांत टोपणनांवानें पत्रें लिहून कंपनी सरकारच्या लुटीवर कडक टीका केली. इंग्रजांची भाषा शिकून ती इंग्रजांवरच चालविणारे ते पहिल्यांतले. १८४७ सालीं ते तरुणपणींच वारले. धाकटे डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकीं. ३१ मार्च १८६७ रोजीं त्यांच्या घरीं प्रार्थनासमाजाची स्थापना झाली, ती उघडपणें.

याच आत्मारामांच्या घरीं १८७८ सालीं कलकत्त्याचा एक सतरा वर्षांचा लाजाळू मुलगा राहावयास आला. त्याचे वडील भाऊ सत्येंद्रनाथ ठाकूर मुंबई इलाख्यांत न्यायाधीश होते. मुलास विलायतेस पाठवावयाचें होतें, व त्याआधीं त्यास इंग्रजी बोलण्याची व तिकडील चालीरीतींची संवय व्हावी म्हणून त्यांनीं त्यास या घरीं ठेविलें. शिकविण्याचें काम डॉक्टरांची कन्या अन्नपूर्णा, जिला घरांत अन्ना म्हणत, हिच्याकडे आलें. ती विलायतेस जाऊन आलेली, सफाईनें इंग्रजी बोलणारी होती. तो मुलगा म्हणजे रवींद्रनाथ ठाकूर. शिकवणी थोड्याच आठवड्यांची झाली. सप्टेंबरांत ते आगबोटींत बसले. परंतु आपल्या या शिक्षिकेस ते विसरले नाहींत. त्यांनीं तिला नलिनी असें नांव दिलें होतें, व म्हातारपणींही ते तिची आठवण काढीत. पुढें त्यांनीं शांतिनिकेतनांत मुलांस स्वतः इंग्रजी शिकविलें व बंगाली मुलांसाठीं इंग्रजीचीं सोपीं पुस्तकें लिहिलीं, आणि मुलाचें शिक्षण मातृभाषेंतून झालें पाहिजे असें ते जन्मभर सांगत राहिले. अन्नपूर्णेचा विवाह १८८० सालीं बडोद्याच्या कॉलेजांतील शिक्षक हॅरल्ड लिटलडेल यांच्याशीं झाला, आणि ५ जुलै १८९१ रोजीं ती एडिंबरो येथें वारली.

दादोबा १७ ऑक्टोबर १८८२ रोजीं, अडुसष्टाव्या वर्षीं, मरण पावले. त्यांनीं आपलें आत्मचरित्र लिहावयास घेतलें होतें. मराठींतील अगदीं आरंभींच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. त्यांत आयुष्याचा पूर्वार्धच, म्हणजे शाळेचे व शिक्षकपणाचे दिवसच, मुख्यत्वें आले आहेत. तें हस्तलिखित त्यांच्या मृत्यूनंतर पासष्ट वर्षांनीं, १९४७ सालीं, अ. का. प्रियोळकर यांनीं संपादून प्रसिद्ध केलें.